सागरगोट्यांची मोजणी

उरायासु,
१९ मे २०२४

ती. सौ. दमयंतीमामींना,
मैत्रेयीचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पाहून दचकू नका, आम्ही तिघंही खुशाल आहोत. फोनवर नीट ऐकू येत नाही असं तुम्ही म्हणता. मला वाटतं, ऐकू सगळं येतं. पण ‘जेवलीस का’ आणि ‘थंडी किती आहे’ यापलीकडे आपला फोन जात नाही, म्हणून तुम्हीच तो मामांच्या हातात देता. तेव्हा आता पत्र. पाकिटावर नेहमीप्रमाणे मामांचं नाव घातलंय. निपाणीच्या घरी पत्र जायचं ते मामांच्या नावानेच, आत मजकूर कोणासाठीही असो, असं आईने लहानपणी शिकवलं होतं. ते काही सुटत नाही.

इकडची खबरबात सांगते. विश्वजितचं ऑफिस टोकियोत, त्यामुळे सकाळी तो गाडीला लटकतो आणि रात्री चुरगळून परत येतो. सुरुची सहावीत गेली. मी मराठीत विचारते, ती जपानीत उत्तर देते आणि आमचा आवाज चढला की विश्वजित इंग्रजीत दोघींना गप्प करतो. परवा मी चिडून म्हटलं की आजपासून घरात फक्त मराठी. तर तिने दिवसभर तोंडच उघडलं नाही. शेवटी मीच जपानीत विचारलं, जेवणार का. दोन भाषांत जगणं हा माझ्या डॉक्टरेटचा विषय, त्याचा एवढा सुंदर अपमान कोणी केला नसेल.

हो, त्या डॉक्टरेटबद्दलच लिहायचंय. आम्ही इकडे यायला निघालो तेव्हा तुम्ही माझ्या बॅगेत मेतकुटाच्या डब्याखाली जेरॉक्स कागदांचा एक गठ्ठा कोंबला होता, आठवतं? मला तेव्हा रागच आला होता. वजन वाढेल म्हणून मी तो विमानतळावर काढूनही टाकणार होते. इथे आल्यावर पहिले काही महिने मला कचराही नीट टाकता येत नव्हता. जळणारा वेगळा, प्लास्टिक वेगळं, बाटल्या वेगळ्या, प्रत्येकाचा वार वेगळा. एकदा माझी पिशवी चुकीच्या वारी गेली आणि लाल चिठ्ठी लावून ती तशीच रस्त्यावर राहिली. सगळ्या बिल्डिंगला कळलं की ही पिशवी त्या भारतीय बाईची. घरात येऊन मी खूप रडले. त्या दिवशी गठ्ठा उघडला.

त्यातले लेख लिहिणाऱ्या बायकांची मला काडीचीही माहिती नव्हती. अमेरिकेच्या दक्षिण सीमेलगत राहणाऱ्या, मूळ मेक्सिकन घरांतल्या, स्वतःला चिकाना म्हणवणाऱ्या. शाळेत स्पॅनिश बोलल्या म्हणून शिक्षा भोगलेल्या, आणि आजोळी गेल्यावर स्पॅनिश बिघडली म्हणून हसं झालेल्या. त्यांनी एका परिच्छेदात दोन दोन भाषा वापरल्या होत्या आणि अर्थ सांगायची तसदीही घेतली नव्हती. आम्ही अर्ध्या अर्ध्या नाही, या दोन्हींच्या मधली जागा हेच आमचं घर आहे, असं त्या ठणकावून सांगत होत्या. मी उरायासुच्या स्वयंपाकघरात फरशीवर बसून वाचत होते आणि मला पहिल्यांदाच वाटलं की मी इथे चुकून आलेली नाही.

कडेला तुमच्या पेन्सिलीच्या नोंदी होत्या. ‘हे आमचंच’, ‘बी.ए.च्या मुलींना दाखवणे’ अशा मराठीत आणि बऱ्याचशा कानडीत. माझ्या मार्गदर्शक मोरिता-सेन्सेई यांनी तो गठ्ठा पाहिला आणि म्हणाल्या की तुझा प्रबंध या कागदांवर नाही, या पेन्सिलीवर आहे. त्या बायकांनी टेक्सासमध्ये लिहिलेलं निपाणीतल्या एका प्राध्यापिकेने कसं वाचलं, मुलींना कसं शिकवलं आणि तेच पुढे जपानमध्ये एका भाचीला कसं सापडलं, असं एक अख्खं प्रकरण त्यांना हवंय.

मामी, ते प्रकरण मी लिहू का? तुमचं नाव घालून, तुमचं माहेर बागलकोटचं आणि मायबोली कानडी हे सांगून. तुम्ही हो म्हटल्याशिवाय एक ओळही लिहिणार नाही. आणि हो म्हणा न म्हणा, त्या गठ्ठ्याबद्दल तुमचे आभार मी आजवर मानलेच नव्हते. ते आज मानते, अगदी मनापासून.

मामांना नमस्कार. सुरुचीचा तुम्हा दोघांना ‘बाय बाय’, तोच तिचा नमस्कार समजावा. लोभ तुमचा आहेच, त्यात माझ्या बॅगेचं वजन वाढवणाराही येतो, हे आता कळलं.

तुमची,
मैत्रेयी

*

निपाणी,
१६ जून २०२४

चि. सौ. मैत्रेयीस,
दमयंतीमामीचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. पाकिटावर यांचं नाव असलं तरी अक्षर तुझं दिसलं की तुझे मामा न फोडता माझ्या हातात देतात, ती त्यांची जुनी शिस्त. म्हणून तूही मोकळेपणी लिहीत जा. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलाय, तेव्हा ओळी वरखाली गेल्या तर हसू नकोस. गौरी-गणपती झाले की ऑपरेशन करू म्हणतात डॉक्टर.

सुरुचीवर ओरडत जाऊ नकोस. तू तिच्याएवढी असताना उन्हाळ्यात इथे यायचीस तेव्हा पुण्याच्या शाळेतलं इंग्रजी झाडायचीस आणि तुझी आई कपाळावर हात मारायची. आम्ही तुला कोणी उपाशी ठेवलं नाही.

आता तुझ्या प्रकरणाबद्दल. आभार मानलेस, बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की पत्र देवापुढे ठेवलं आणि मग हसू आलं, म्हणून उचलून कपाटात ठेवलं. ते कागद मला हैदराबादला प्राध्यापकांच्या उजळणी वर्गात मिळाले, चौऱ्याण्णव-पंच्याण्णवच्या सुमाराला. तिथल्या एका बाईंनी सहज वाटले होते. परतीच्या गाडीत मी ते वाचायला घेतले आणि बेळगाव कधी आलं कळलं नाही. त्या बायकांच्या गावांची आणि आमच्या निपाणीची एक गंमत सारखी होती. आम्ही उठून कुठे गेलो नव्हतो, सीमा सरकून पाट्या बदलल्या होत्या. पण मला धरून ठेवलं ते वेगळ्याच गोष्टीने. त्या स्वतःच्या माणसांवरही रागावत होत्या. समाजाची मान ताठ राहावी म्हणून बायकांनी घरात गप्प राहायचं, हे त्यांनी नाव घेऊन लिहिलं होतं. असं लिहिता येतं, हेच मला माहीत नव्हतं.

तुला या घराचं वरवरचंच ठाऊक आहे, म्हणून आता सांगते. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा आपलं घर म्हणजे सीमालढ्याचं ठाणं होतं. बाहेरच्या खोलीत माणसं बसलेली असायची, तुझ्या मामांच्या छापखान्यातून रात्रंदिवस पत्रकं निघायची. सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात मला मागच्या दारी नेऊन सांगितलं की स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत कानडी ऐकू जाता कामा नये. वाईट बोलल्या नाहीत हो, विनवणीच केली. मी मान डोलावली. तुझ्या मामांनी मला तसं कधीच सांगितलं नाही, पण बोल असंही कधी म्हटलं नाही. शहाऐंशीच्या आंदोलनात ते तुरुंगात गेले तेव्हा तर प्रश्नच मिटला. कानडी माझ्या माहेरी राहिली. माहेर संपलं तेव्हा ती कुठे राहिली, ते मी शोधलं नाही.

त्या कागदांनी मला धीर दिला. मी बी.ए.च्या मुलींना सांगितलं की तुमच्या स्वयंपाकघरात जी भाषा चालते त्याच भाषेत आमटीवर एक पान लिहा. काय लिहिलं गं पोरींनी! एकीची आमटी मराठीत उकळायला लागायची आणि कानडीत ‘सारु’ होऊन उतरायची. एकीने आजीचे उर्दू शब्द जसेच्या तसे ठेवले. सगळं आम्ही कॉलेजच्या भित्तिपत्रकावर लावलं. दुपारपर्यंत मराठीवाल्यांना त्यातलं कानडी खुपलं आणि कानडीवाल्यांना मराठी. दोन्हींकडची पोरं एकाच वेळी एकाच दाराशी ओरडायला आली, तेवढी एकी मी त्यांच्यात एरवी पाहिली नव्हती. प्राचार्यांनी भित्तिपत्रक काढून घेतलं आणि मी पुढे निवृत्तीपर्यंत अभ्यासक्रमाला धरून राहिले. त्या मुलींतली सोनल आता चिकोडीकडे शाळेत शिकवते. ती दरवर्षी पोरांकडून आमटीचं पान लिहून घेते, मला आणून दाखवते. तिला कोणी ओरडत नाही. तेवढं पुरे आहे.

म्हणून सांगते, प्रकरण लिही, पण माझं नाव नको. ‘एक प्राध्यापिका’ म्हण. कानडीचा उल्लेखही नको. हे आता बहात्तर वर्षांचे झाले. ज्या माणसाने मराठीसाठी तुरुंग पाहिला, त्याने भाचीच्या प्रबंधात वाचावं की आपली बायको घरात पंचेचाळीस वर्षं तोंड बांधून होती? त्यांना काय वाटेल, हे मला खरंच माहीत नाही, आणि या वयात ते मला बघायचं नाही.

तुझ्या लोभावर माझा हक्क आहे असं धरून चालते. रागावू नकोस.

तुझी,
मामी

*

उरायासु,
२८ जुलै २०२४

ती. सौ. मामींना,
शि. सा. न. वि. वि. या वेळी साष्टांग खरोखरच घातला, चटईवर. सुरुची म्हणाली, आई, कंबर दुखतेय का.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तुम्ही म्हणता तसंच करायचं ठरवलं. ‘एक प्राध्यापिका’ असंच लिहिलंय, कानडी कुठेही नाही. मोरिता-सेन्सेईंनाही तसं सांगितलं. त्या थोड्या हिरमुसल्या, पण म्हणाल्या की जिचं आयुष्य आहे तिनेच ठरवायचं.

ते प्रकरण मी परवा नागोयाला एका अभ्यासगटासमोर वाचलं. नागोया म्हणजे मोटारींचं शहर. आजूबाजूच्या सुट्या भागांच्या कारखान्यांत ब्राझीलहून आलेली बरीच माणसं आहेत. त्यांचे आजी-आजोबा जपानमधून तिकडे गेले होते, नातवंडं परत आली. ऐकायला आलेल्यांत तशीच एक बाई होती, लुसियाना नावाची. कामगारांच्या मुलांसाठी दुपारची शाळा चालवते. ब्राझीलमध्ये तिला जपानी म्हणायचे आणि जपानमध्ये ब्राझिलियन म्हणतात. मी आमटीच्या पानांची हकिगत सांगितली तेव्हा ती टिपणं घ्यायची थांबली. नंतर उठून म्हणाली की आमच्या आयांच्या वाचनगटात आम्हीही त्याच सीमेवरच्या बायकांचे लेख वाचतो, पण मुलांकडून असं लिहून घ्यायचं सुचलं नव्हतं. सुट्टी संपली की आम्ही आमच्या राजमा-भाताचं पान लिहून घेणार. मग तिने विचारलं, त्या प्राध्यापिकेचं नाव काय? आम्हाला आभार कोणाचे मानायचे ते तरी कळू द्या.

मामी, मला नाव सांगता आलं नाही. मी म्हटलं, त्यांची इच्छा नाही. ती समजल्यासारखी मान हलवून खाली बसली. त्या बायकांनी आपापली नावं घालून लिहिलं म्हणून तुमच्यापर्यंत आलं, तुमच्यापासून माझ्यापर्यंत, आणि माझ्यापाशी येऊन नावच गळलं. परतीच्या गाडीत मला तेवढंच टोचत राहिलं. तुमचा शब्द मोडत नाही, फक्त झालं ते सांगते.

दुसरी गोष्ट सुरुचीची, आणि इथे चूक माझी आहे की तुमची की सागरगोट्यांची, हे तुम्हीच ठरवा. सुट्टी लागायच्या आधी शाळेत आंतरराष्ट्रीय दिवस होता. ज्यांच्या घरची भाषा वेगळी आहे त्यांनी घरचं काहीतरी वर्गाला शिकवायचं होतं. सुरुची कधी नव्हे ते तयार झाली. इथे जुन्या काळचा मुलींचा खेळ असतो, कडधान्य भरलेल्या कापडी पुड्या उडवून झेलायच्या. तिने त्या पुड्या घेतल्या आणि आपले सागरगोटे शिकवले. ती लहान असताना मी तिच्याशी खेळायचे ना, तसे. आणि फळ्यावर मोठ्ठ्या अक्षरात जपानी लिपीत लिहिलं, मराठी आकडे: ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु, ऐदु. अख्खा वर्ग एका सुरात मराठी म्हणून कानडी मोजत होता. बाईंनी टाळ्या वाजवल्या.

तुम्ही दुपारी आजी निजली की मला मागच्या परसात घेऊन बसायचात आणि हळू आवाजात असंच मोजायचात. मोठी होईपर्यंत मला वाटायचं की हे सागरगोट्यांचेच आकडे आहेत, जसे पत्त्यांत राजा-राणी असतात. कानडी आहेत हे कळलं तेव्हाही खेळताना तोंडात तेच यायचे, आणि मी सुरुचीला तेच दिले. ती जपानीत उत्तर देते म्हणून मी रडत होते आणि इकडे पोरगी तुमची कानडी रोज उडवून झेलत होती, ते माझ्या ध्यानातच आलं नाही.

शेजारच्या वर्गात वैभवी म्हणून हुबळीच्या एका बाईंची मुलगी आहे. तिने मधल्या सुट्टीत सांगितलं की हे मराठी नाही, कानडी आहे. सुरुची घरी आली ती दप्तर फेकूनच. सगळ्यांसमोर खोटं शिकवलं म्हणाली. मग मी तिला तुमची गोष्ट सांगितली, जेवढी तिला कळेल तेवढी. मामींना घरात कानडी बोलायची मुभा नव्हती, म्हणून त्या फक्त खेळताना मोजायच्या, असं. तिने फेकलेलं दप्तर उचलून जागेवर ठेवलं. मग तिने विचारलं, आणि हे तिने मराठीत विचारलं मामी, की मग यातली माझी कोणती?

मी तुम्हाला विचारून सांगते असं कबूल केलंय. तेवढं एक उत्तर द्या, नावाचं राहू द्या. मामांना काय वाटेल ही तुमची धाकधूक मला समजते, आणि म्हणूनच हे सगळं फक्त तुम्हाला लिहितेय.

डोळ्याला जपा. तुमच्या लोभाची मला सवय झालीय, ती आता मोडू नका.

तुमचीच,
मैत्रेयी

*

निपाणी,
२५ ऑगस्ट २०२४

चि. सौ. मैत्रेयीस,
दमयंतीमामीचे अनेक आशीर्वाद.

अक्षर पाहून घाबरू नकोस. डॉक्टरांनी तारीख अलीकडे आणली आणि उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. लिहायला-वाचायला सध्या बंदी आहे, म्हणून मी सांगते आणि तुझे मामा लिहितात. (सांगितले तेच लिहीत आहे. पदरचे असेल ते कंसात घालीन. — ल.)

आता तुझ्या लक्षात आलंच असेल. तुझं पत्र आलं तेव्हा माझ्या डोळ्यावर पट्टी होती. अक्षर तुझं म्हणून हे नेहमीप्रमाणे माझ्या हातात द्यायला आले, आणि मीच म्हटलं, वाचून दाखवा, चहा होईपर्यंत. मला काय माहीत तू आत काय भरून पाठवलंयस! नागोयापर्यंत ठीक चाललं होतं. ‘कानडी कुठेही नाही’ या ओळीला त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं एवढं मला एका डोळ्याने दिसलं. पुढे सुरुचीचे आकडे आले आणि ते थांबले. मी म्हटलं, पुढे वाचा. आता लपवून काय करायचं होतं? त्यांनी सगळं वाचलं, सासूबाई निजल्यावरचं, परसातलं, आणि ‘मामांना काय वाटेल’ तेही. मग पत्राची घडी घातली, चपला घातल्या आणि चहा न घेता बाहेर पडले.

मैत्रेयी, मी तशीच खुर्चीत बसून राहिले. या माणसाबरोबर माझं काही वाईट झालं नव्हतं. त्यांनी मला नोकरी करू दिली असं मी म्हणणार नाही, कारण त्यांनी ती कधी अडवलीच नव्हती. आणि तरी त्या तासाभरात मला वाटलं की आता सगळा संसार उलटून बघितला जाणार. (तासभर नाही. पाऊण तास. दुकान बंद होते, उघडेपर्यंत थांबलो. — ल.)

परत आले ते कागदाची पुडी घेऊन. काष्ठौषधींच्या दुकानातून सागरगोटे आणले होते, चांगले घट्ट, करड्या रंगाचे. पोटदुखीवर देतात म्हणून तिथे मिळतात, हे मलाही ठाऊक नव्हतं. म्हणाले, कापडी पुड्यांनी कसला खेळ होतो, पोरीला खरे पाठवू. पुडी टेबलावर ओतली आणि मला म्हणाले, मोज बघू किती आहेत. मी मराठीत सुरू केलं तर मला थांबवलं. तसं नाही म्हणाले, सुरुची मोजते तसं मोज. आणि जरा मोठ्याने, बाहेरच्या खोलीत ऐकू गेलं पाहिजे.

बाहेरच्या खोलीत कोणीही नव्हतं गं. ती सगळी माणसं कधीच गेली. तरी मी मोठ्याने मोजायला लागले. ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु, ऐदु. तिथे मी अडले, पुढचं येईना. तेव्हा तुझ्या मामांनी आरु म्हटलं. त्यांनीच एळु म्हटलं आणि एंटु म्हटलं. मी एका डोळ्याने त्यांच्याकडे बघतच राहिले. (छापखान्याचा अर्धा धंदा तंबाखूच्या व्यापाऱ्यांशी होता. बाजारात कानडी आल्यावाचून चालत नाही. तुरुंगातले पहारेकरीही कानडीच होते, चांगली माणसे होती. तिने मला कधी विचारले नाही. — ल.) आता यावर काय बोलावं तूच सांग! मी याच माणसापासून लपवायला आयुष्यभर हळू आवाजात बोलले. आधी रडले आणि मग इतकी हसले की यांना डोळ्याच्या टाक्यांची काळजी वाटली.

भित्तिपत्रकाचंही मी त्यांना सांगितलं, तुझ्या प्रकरणात आहे म्हणून. (मी ते त्याच दिवशी कॉलेजात जाऊन वाचले होते. उकळताना मराठी आणि उतरताना सारु, हे मला अजून पाठ आहे. — ल.) बघ, हेही मला आत्ता, त्यांनी कंस वाचून दाखवला तेव्हा कळतंय.

तर आता तुझ्या प्रश्नांची उत्तरं. सुरुचीला सांग की जी मोजताना हातातला सागरगोटा खाली पडत नाही, ती तिची. एकीपेक्षा जास्त निघाल्या तर त्याही ठेव म्हणावं, कोणी परत मागायला येणार नाही. आणि तिने वर्गात खोटं काही शिकवलं नाही. आमच्या घरातलं मराठी असंच आहे.

तुझ्या प्रकरणात माझं नाव घाल. पूर्ण घाल, माहेरचं बागलकोट घाल, कानडी घाल. पेन्सिलीच्या नोंदीही घाल, त्यातल्या दोन-चार रागाच्या आहेत, त्या वगळू नकोस. त्या नागोयाच्या बाईला मात्र सांग की आभार माझे एकटीचे नकोत. टेक्सासच्या त्या बायकांनी कोणाला काही विचारलं नव्हतं, माझ्यासारखी पंचेचाळीस वर्षं वाट पाहिली नव्हती. आधी त्यांचे माना, मग हैदराबादेत कागद वाटणाऱ्या त्या बाईंचे, मग सोनलचे, आणि उरले तर माझे. मला त्यांतले थोडे सुरुचीला द्यायचे आहेत. मी परसात पुरून ठेवलेलं तिने वर्गासमोर फळ्यावर लिहिलं.

तिला माझा आशीर्वाद. तो यांनी कसा लिहायचा ते मी अक्षर अक्षर सांगितलंय: चेन्नागिरु मगळे. बरी राहा, माझ्या मुली, एवढाच अर्थ आहे. पण अर्थ तू सांगू नकोस, तिला शेजारच्या वर्गातल्या मैत्रिणीला विचारू दे.

लोभ माझा आता दोन भाषांत आहे, दोन्हींत सांभाळ.

तुझी,
मामी

ता. क. पुढचे माझे, कोणी सांगितलेले नाही. सागरगोट्यांची पुडी वेगळी पाठवीत आहे. बी-बियाणे म्हणून तिकडच्या लोकांनी अडवली तर कळव, दुसरा मार्ग काढू. आणि यापुढे पाकिटावर माझे नाव घालू नकोस. प्रा. दमयंती असे घाल. आपल्या गल्लीचा पोस्टमन नवा आहे, काल त्याला थांबवून सांगून ठेवले की या नावाच्या बाई याच घरात राहतात. — लक्ष्मीकांतमामा